छटाबाईंचा पांढरा

छटाबाईंना पांढऱ्या रंगाच्या सतरा छटा ओळखता येत. सूत रंगवायच्या कारखान्यात त्यांनी चौतीस वर्षं काढली, आणि चौतीस वर्षं काम एकच. पिंपातून निघालेली लडी वाळवून उत्तरेकडच्या खिडकीशी न्यायची, गिऱ्हाइकाने पाठवलेल्या नमुन्याशेजारी धरायची, आणि 'हो' किंवा 'नाही' म्हणायचं. 'नाही' म्हटलं की तीनशे किलो सूत परत पिंपात. मालक कितीदा काकुळतीला यायचा, "बाई, एवढा फरक कुणाला कळतोय?"

"मला," छटाबाई म्हणायच्या, आणि विषय संपायचा.

छटाबाई हे नाव तिथलंच. खरं नाव काय होतं ते बहुधा हजेरीपटालाच माहीत.

निवृत्तीला सहा वर्षं झाली आणि अलीकडे जगाचं काहीतरी बिघडत चाललं होतं. साबण पूर्वीसारखे राहिले नव्हते, कपडे धुऊन पिवळट निघायचे. तीन साबण बदलून झाले. बैठकीच्या खोलीला पांढरा म्हणून दिलेला रंग दुधावरच्या सायीसारखा निघाला. रंगाऱ्याला दोनदा बोलावून झापलं. तो बिचारा रिकामा डबा घेऊन आला आणि त्यावरचा 'शुभ्र' हा शब्द बोट ठेवून दाखवायला लागला. "डब्यावर काय, मीही लिहीन," छटाबाई म्हणाल्या.

त्यांचे यजमान मोजणीदार. जमिनी मोजण्यात आयुष्य गेलं होतं, आणि आता जमिनी नव्हत्या म्हणून घरातलं जे हाती लागेल ते मोजायचे. रंगाच्या बाबतीत मात्र त्यांनी लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात शस्त्रं खाली ठेवली होती. अंतर त्यांचं, रंग बाईंचा, अशी वाटणी होती आणि संसार सुखाचा चालला होता.

अशा घरात लेकीने टीव्ही पाठवला. चांगला पंचावन्न इंची. लेक शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायची, एकुलती एक, आणि आईबापांचा जुना टीव्ही बघून तिचे डोळे दुखायचे. बसवणारा आला, भिंतीवर लावून, चालू करून, चहा पिऊन गेला. पडद्यावर बातम्या लागल्या होत्या. छटाबाईंनी एक नजर टाकली आणि कपबशी खाली ठेवली.

"अहो, ह्या बाईला कावीळ झालीय की काय?"

मोजणीदारांनी चष्मा वर केला. बातम्या देणारी मुलगी गाजरासारखी दिसत होती. मागची झाडं पोपटापेक्षा हिरवी. कुणीतरी लाल गाडीतून उतरलं तर ती गाडी अंगावर आली.

"दुकानात उठून दिसावं म्हणून तसं लावून देतात," मोजणीदार माहितीपुस्तक उघडत म्हणाले. "ह्याला व्हिव्हिड म्हणतात."

"भडक म्हणा. द्या तो रिमोट."

त्या दुपारी छटाबाईंना निवृत्तीनंतर पहिल्यांदा पुरतं काम मिळालं. पदर खोचावा तशा त्यांनी स्वेटरच्या बाह्या वर सारल्या. आधी खिडकीचे पडदे अर्धे ओढले, दिवा मालवला. मग भडक काढून 'सिनेमा' लावलं. ब्राइटनेस खालीवर करत राहिल्या, एका काळ्या कोटावर नजर रोखून. "काळा काळाच दिसला पाहिजे, पण कोटाची घडी दिसली पाहिजे. घडी गेली की कोट गेला." मग कॉन्ट्रास्ट, एका पांढऱ्या सदऱ्यावर, गुंड्या दिसेपर्यंत. शार्पनेस जवळजवळ शून्यावर आणला, कारण माणसांच्या कडेने कुणी पेन्सिल फिरवल्यासारखी पांढरी रेघ दिसत होती. शेवटी हालचाल गुळगुळीत करायचं काहीतरी होतं, त्याने सगळी माणसं बर्फावरून घसरत चालल्यासारखी वाटत होती. तेही बंद केलं आणि माणसं जमिनीवर आली.

मोजणीदारांनी तोवर टेप काढून सोफ्यापासून पडद्यापर्यंतचं अंतर मोजलं आणि सोफा एक वीत मागे घेतला.

चित्र खरोखर सुरेख झालं होतं. इथे थांबल्या असत्या तर ही गोष्ट सांगायची वेळच आली नसती. पण त्यांनी पांढऱ्या सदऱ्याकडे पुन्हा पाहिलं.

"पिवळा आहे."

"मला तर पांढराच..." मोजणीदार बोलून गेले.

छटाबाईंनी नुसतं वळून पाहिलं. मोजणीदार टेप गुंडाळायला लागले.

रंगाच्या तापमानाची एक वेगळी पाटी होती. पिवळसर 'वॉर्म', मधला 'नॉर्मल', निळसर 'कूल'. छटाबाई वॉर्मवरून कूलवर गेल्या. तरी पिवळा. मग आतल्या एका पाटीत शिरल्या, जिथे लाल, हिरवा, निळा हे तिन्ही वेगवेगळे हलवता येत होते. हे म्हणजे थेट रंगखात्यातच आल्यासारखं झालं. लाल थोडा खाली. निळा वर. अजून वर. अजून. आणि मग त्यांच्या चेहऱ्यावर ते जुनं, उत्तरेच्या खिडकीतलं हसू आलं.

"हा पांढरा! एक नंबरचा पांढरा!"

मोजणीदारांना पडद्यावरची मंडळी थंडीने काकडल्यासारखी दिसत होती. त्यांनी चष्मा पुसला, परत घातला. मंडळी अजून काकडत होती. पण ते चौतीस वर्षं तीनशे-तीनशे किलो सूत परत पाठवणारीचे यजमान होते. "छान," ते म्हणाले.

ही बातमी इमारतभर व्हायला दोन दिवस लागले. आधी वरच्या मजल्यावरचे पीटीचे सर आले. शाळेत खेळ शिकवायचे, बोलताना सगळं शिट्टी फुंकल्यासारखं. "काकू, आमच्या टीव्हीवर मैदान मैदानासारखं दिसत नाही. जरा बघाल?" छटाबाईंनी बघितलं. मग समोरच्या शिंपीणबाई. मग त्यांची बहीण, चौथ्या मजल्यावरची. मग तळमजल्यावरच्या हेडबाई, ज्यांनी पन्नास वर्षं शाळा चालवली होती आणि अजूनही जिन्यातून जाणाऱ्या-येणाऱ्याला "सावकाश!" म्हणून ओरडायच्या. हेडबाईंनी चित्र बघितलं आणि मान डोलावली. "आत्ता कुठे बरोबर दिसतंय. इतके दिवस सगळं चहात बुडवल्यासारखं होतं." त्यांच्या तोंडून शाबासकी मिळणं म्हणजे काही साधी गोष्ट नव्हती. छटाबाई दोन पायऱ्या एका वेळी चढत घरी आल्या.

महिन्याभरात अकरा घरं झाली. अकरा घरांत पांढरा एक नंबरचा.

अकरा घरांत लोक आपापल्या जागी चकित होते. शिंपीणबाईंना वाटायचं, बातम्या देणारी मुलगी आजारी असूनही कामावर येते, किती गुणाची. पीटीच्या सरांना वाटलं आपल्याच डोळ्यांत काहीतरी आहे, म्हणून ते सकाळी उठून गाजरं खायला लागले. पण बोलणार कोण? छटाबाईंनी लावलंय, म्हणजे बरोबरच असणार. प्रत्येकाला हेच वाटत होतं की बाकीच्या दहा घरांत नीट दिसतंय आणि खोट आपल्यातच आहे.

आणि मग लेकीचा फोन आला. रविवारी एका माणसाला घेऊन येते म्हणाली. 'एका माणसाला' हे तिने अशा आवाजात म्हटलं की छटाबाईंनी गॅस बंद करून खुर्ची ओढली.

"काय करतो?"

"चष्म्याच्या दुकानात डोळे तपासतो. आई, आणि एक. तो फार खरं बोलतो."

"म्हणजे चांगलंच आहे की."

"हो," लेक म्हणाली, जरा काळजीने.

रविवारी दुपारी फुटबॉलची फायनल होती, आणि फायनल कुठे बघायची हा इमारतीत प्रश्नच नव्हता. पीटीचे सर शिट्टी गळ्यात अडकवून आले. शिंपीणबाई, त्यांचे यजमान, चौथ्या मजल्यावरची बहीण, सगळे आले. मोजणीदार आपल्या करड्या स्वेटरात, छटाबाईंनीच दोन वर्षांपूर्वी विणलेल्या, खुर्च्यांची अंतरं लावत होते. तेवढ्यात लेक आणि चष्मेवाला आले. उंच, किडकिडीत, स्वतःला चष्मा नसलेला. हातात फुलं. आत पाऊल टाकलं, नमस्कार केला, पडद्याकडे नजर गेली, आणि तो दारातच थबकला.

लेकीने त्याच्या पायावर पाय दिला.

"बसा, बसा," छटाबाई म्हणाल्या. "उभे का?"

सामना सुरू झाला. एक संघ पांढऱ्या कपड्यांत, दुसरा फिकट आकाशी. पीटीचे सर पांढऱ्यांचे कट्टर भक्त, शिंपीदादा आकाशींचे. आणि इथे गडबड झाली. कारण त्या पडद्यावर पांढरे आकाशी दिसत होते आणि आकाशी अजून आकाशी. दोन्ही संघ एकत्र दिसले तर जरा अंदाज यायचा, पण एकटा खेळाडू पळताना दाखवला की तो कुणाचा हे देवाला ठाऊक. खोलीत इतका कालवा होता की समालोचन कुणाला ऐकू येत नव्हतं. त्यात पहिली पंधरा मिनिटं सगळे एकमेकांकडे बघून, समोरचा ओरडला की ओरडत होते.

एकविसाव्या मिनिटाला एक खेळाडू डावीकडून निघाला. दोघांना चुकवलं. तिसऱ्याच्या पायांतून चेंडू काढला. पीटीचे सर खुर्चीवर उभे राहिले. "मार! मार!" त्याने मारला. गोल! सरांनी शिट्टी फुंकली, शिंपीदादांना उचललं आणि गोल फिरवलं. शिंपीदादाही दोन्ही हात वर करून ओरडत होते, कारण त्यांचीही खात्री होती की गोल आपलाच. दोघं गळ्यात गळे घालून नाचले. शिंपीणबाईंनी शेंगदाण्यांची ताटली उधळली. मोजणीदार गोल कुणाचा हे न कळताच टाळ्या वाजवत होते. मग समोरचाही नाचतोय हे लक्षात आलं आणि दोघं नाचता नाचता थांबले.

"तुम्ही का नाचताय?" सर म्हणाले.

"आमचा गोल झाला म्हणून! तुम्ही का नाचताय?"

"आमचा! पांढऱ्याने मारला!"

"आकाशीने मारला!"

"अहो, डोळे आहेत का..." सर म्हणाले, आणि मग सगळ्यांच्या मनात तेच आलं आणि सगळ्यांच्या नजरा आपोआप छटाबाईंकडे गेल्या.

छटाबाईंना काही कळेना. त्यांना पांढरे पांढरे दिसत होते. आकाशी जरा राखाडीकडे झुकलेले, पण वेगळे.

"काय झालं? चित्रात काही खोट आहे का?" त्या चष्मेवाल्याकडे वळल्या. "तुम्ही नवीन आहात. तुमचा तर हा धंदाच. तुम्ही सांगा. कसं आहे चित्र?"

लेक डोळे मोठे करून त्याच्याकडे बघत होती. त्याच्या कपाळावर घाम आला होता.

"काकू," तो म्हणाला, "काळा फार सुंदर लावलाय. इतका नेमका काळा मी कुठे पाहिला नाही. शार्पनेसही अगदी योग्य."

"आणि?"

"आणि सगळे बुडालेत."

"काय?"

"म्हणजे पाण्यात बुडाल्यासारखे दिसतात. फार निळं आहे, काकू."

शिंपीणबाईंच्या तोंडून "हुश्श" निघून गेलं आणि त्यांनी लगेच तोंडावर हात ठेवला. पीटीच्या सरांची छाती फुगली. महिनाभराची गाजरं त्यांच्या डोळ्यांसमोरून सरकली असावीत. मग सगळेच एकदम बोलायला लागले. आमच्याकडेही निळं आहे! आमच्याकडेही! मला वाटलं माझं काहीतरी...

"काकू, तुम्हाला कपडे पिवळट दिसतात का अलीकडे?" चष्मेवाल्याने हळू विचारलं. "भिंती? दिव्याभोवती वलय? मोतीबिंदू असेल तर..."

छटाबाई उठल्या. "चौतीस वर्षं," त्या म्हणाल्या, "चौतीस वर्षं ह्या डोळ्यांनी 'हो' म्हटल्याशिवाय कारखान्यातून एक धागा बाहेर गेला नाही." आणि त्या आतल्या खोलीत गेल्या. दार आपटलं नाही. हळूच लावलं, ते जास्त वाईट.

सामना कोण जिंकलं ते त्या खोलीतल्या कुणालाही नंतर नीट सांगता आलं नाही.

दोन दिवस छटाबाई कुणाशी बोलल्या नाहीत. लेकीचे फोन मोजणीदार घेत होते आणि "तोफा थंड आहेत" एवढंच सांगत होते. तिसऱ्या दिवशी सकाळी मोजणीदार बाजारात गेल्यावर छटाबाईंनी कपाटातून जुना पुठ्ठ्याचा डबा काढला. त्यात सतरा पांढऱ्या लड्यांचं नमुन्याचं पान होतं, त्यांनी स्वतः बांधलेलं. प्रत्येक लडीमागे बारीक अक्षरात नंबर. त्यांनी लड्या सोडवल्या, टेबलावर मिसळल्या, उत्तरेची खिडकी उघडली आणि लावायला बसल्या. पूर्वी हे डोळे मिटूनही जमलं असतं असं त्या म्हणायच्या. एक, दोन, तीन. अर्ध्या तासाने सतरा लड्या ओळीत लागल्या. मग त्यांनी एकेक उलटली.

नऊ. दोन. चौदा. पाच. सोळा.

मोजणीदार भाजीची पिशवी घेऊन आले तेव्हा त्या तिथेच बसल्या होत्या. त्यांनी पिशवी ठेवली, ओळ बघितली, नंबर बघितले. शेजारी खुर्ची ओढून बसले.

"अहो," छटाबाई म्हणाल्या, "त्या रंगाऱ्याला मी काय काय बोलले!"

"दोनदा," मोजणीदार म्हणाले.

"आणि तीन साबण!"

"साडेतीन. एक अर्धा वापरून फेकलास."

छटाबाईंचे खांदे हलायला लागले. मोजणीदारांना वाटलं रडतायत, त्यांनी घाबरून हात पुढे केला. पण त्या हसत होत्या. "अकरा घरं हो! अकरा घरं निळी केली मी! आणि कुणी एक शब्द नाही!" त्या इतक्या हसल्या की लड्या टेबलावरून खाली पडल्या. मग हसता हसता जरा रडल्याही, पण ते थोडंच. मग फोन उचलून लेकीला म्हणाल्या, "त्या खरं बोलणाऱ्याला विचार, डॉक्टर कोणता चांगला."

ऑपरेशन उजव्या डोळ्याचं आधी झालं. डाव्याचं महिन्याने व्हायचं होतं. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली तेव्हा नर्स समोर उभी होती, आणि छटाबाईंच्या तोंडून पहिला शब्द निघाला तो "अगंबाई!"

नर्सचा कोट पांढरा होता. साय नव्हे, चहा नव्हे, एक नंबरही नव्हे. एक नंबरच्या अलीकडचा. आयुष्यात पिंपातून असा पांढरा निघाला नव्हता. भिंती पांढऱ्या. वाडग्यातला कापूस पांढरा. त्या कापसाकडे बघत राहिल्या तेव्हा डॉक्टरांना वाटलं काहीतरी बिघडलं.

"काय दिसतंय, आजी?"

"सगळं धुतलंय हो कुणीतरी!"

आणि मग त्यांना शोध लागला. उजवा डोळा झाकला की जग चहात. डावा झाकला की जग धुतलेलं. हाताने झाकायची गरज नव्हती, नुसतं मिटलं तरी चालत होतं. घरी येईपर्यंत रस्ताभर हेच. पाटीकडे बघून एक डोळा, मग दुसरा. फुलांच्या दुकानाकडे बघून. वाहतूक पोलिसाकडे बघून, कारण त्याचा सदरा खरा कसा आहे ते त्यांना पाहायचंच होतं. पोलीस आधी गोंधळला, मग त्यानेही सौजन्याने एक डोळा मिटला.

"अगं, लोकांना डोळे काय मारतेस!" मोजणीदार त्यांचा दंड धरून कुजबुजले.

"डोळे मारत नाहीये, रंग बघतेय! अहो, तो पोस्टमन बघा, काय निळा आहे!" आणि पोस्टमनलाही.

कोपऱ्यावरच्या फळवाल्याने तर दुसऱ्या दिवसापासून बाईंना बघितलं की दोन संत्री जास्त टाकायला सुरुवात केली. मोजणीदार त्या रस्त्याने एकटीला जाऊ द्यायला तयार होईनात.

घरात शिरल्याबरोबर त्यांनी आधी भिंत बघितली. शुभ्र. डब्यावर लिहिलं होतं तशीच. "देवा," म्हणाल्या आणि मोजणीदारांकडे वळल्या. डावा डोळा मिटला. उजवा मिटला. परत डावा.

"अहो! हा स्वेटर जांभळा आहे!"

"हो."

"मी करडा म्हणून विणला होता!"

"हो."

"दोन हिवाळे तुम्ही जांभळा स्वेटर घालून फिरताय! बोलला का नाहीत?"

"तू करडा म्हणालीस," मोजणीदार म्हणाले. "मला वाटलं, असेल करडाच." आणि थोडं थांबून, "लोक चांगलं म्हणतात पण. बँकेतल्या बाई म्हणाल्या, खुलून दिसतो."

छटाबाई त्यांच्याकडे धुतलेल्या डोळ्याने बघत राहिल्या. नवऱ्याचे कान लाल होतात हे त्यांना लग्नापासून माहीत होतं, पण केवढे लाल ते विसरल्या होत्या.

मग टीव्ही लावला. बातम्या देणारी ती मुलगी समोर आली, निळ्या ओठांची, जांभळ्या गालांची, मागे बर्फात गाडल्यासारखं शहर. छटाबाईंनी पाच सेकंद बघितलं आणि सोफ्यावर कोसळल्या. हसून हसून पोट धरलं, उशीत तोंड खुपसलं. डॉक्टरांनी वाकू नका, जोर लावू नका म्हणून बजावलं होतं म्हणून मोजणीदार त्यांच्याभोवती नाचत होते, "हळू! हळू! डोळा!" आणि स्वतःच हसायला लागले, तेही नाकातून.

निळा खाली. लाल वर. तापमान वॉर्म. दोन मिनिटांत मुलगी जिवंत झाली.

दुसऱ्या दिवशी काळा चष्मा लावून छटाबाई घरोघरी निघाल्या. सोबत लेक आणि चष्मेवाला, कारण आता तो रोजच यायला लागला होता, आणि लेकीला विचारायच्या आधी छटाबाईच त्याला "जेवून जा" म्हणत होत्या. लग्नाचं कुणी ठरवलं हे नंतर कुणालाच आठवेना. आपोआप ठरलं.

पीटीच्या सरांनी हसत हसत रिमोट हातात दिला आणि गाजरांची पिशवी शिंपीणबाईंना देऊन टाकली. चौथ्या मजल्यावरच्या बहिणीचं झालं. शिंपीणबाईंनी मात्र कुरकुर केली. "राहू द्या हो, मला आता सवय झालीय. उन्हाळ्यात खोली गार वाटेल." शेवटी निम्म्यावर तडजोड झाली, कपड्याच्या मापात थोडी ढील ठेवतात तशी.

तळमजल्यावर हेडबाई रिमोटवर हात ठेवून बसल्या होत्या.

"हात लावायचा नाही."

"हेडबाई, चूक झाली होती माझी. फार निळा आहे तो."

"मुळीच नाही. एकदम बरोबर आहे. तुमचा डोळा बिघडवलाय त्या डॉक्टरने."

छटाबाई आणि चष्मेवाल्याने एकमेकांकडे बघितलं. तो अदबीने पुढे झाला, पिशवीतून अक्षरांचा तक्ता काढून समोरच्या दाराला टांगला. "आजी, एकच मिनिट. वरपासून वाचाल?"

हेडबाई खणखणीत आवाजात वाचायला लागल्या. मोठी अक्षरं, मधली, बारीक, मुंगीएवढी. शेवटची ओळ तर न अडखळता. चष्मेवाल्याचा चेहरा फुलला. "अहो, ह्यांची नजर तर माझ्यापेक्षा..." आणि लेकीने त्याच्या दंडाला चिमटा काढून दाखवलं. हेडबाईंचे डोळे मिटलेले होते.

"आजी!"

"काय आजी? हा तक्ता तीस वर्षं माझ्या शाळेत होता," हेडबाई डोळे न उघडता म्हणाल्या. "दर वर्षी साडेतीनशे मुलांनी माझ्यासमोर वाचलाय. उलटा म्हणून दाखवू?"

आणि खालून वर म्हणून दाखवला.

त्यांना राजी करायला छटाबाईंना पंधरा दिवस लागले. रोज दुपारी खाली जाऊन बसायच्या, नर्सच्या कोटाचं वर्णन करायच्या, वाडग्यातल्या कापसाचं. हेडबाई "हूं" म्हणायच्या. एके दिवशी त्यांनी विचारलं, "माझे केस कसे दिसतात? खरं सांगा."

"चांदीसारखे, हेडबाई."

"मला पितळेसारखे दिसतात," हेडबाई म्हणाल्या, आणि दुसऱ्या दिवशी पर्स घेऊन दारात उभ्या राहिल्या.

त्यांच्या उजव्या डोळ्याचं आणि छटाबाईंच्या डाव्याचं एकाच सकाळी झालं. दोघी शेजारशेजारच्या खाटांवर पट्ट्या लावून बसल्या होत्या, आणि हेडबाई जाणाऱ्या-येणाऱ्या नर्सेसना "सावकाश!" म्हणत होत्या.

पट्ट्या निघाल्या त्या दिवशी दुपारी छटाबाई स्वयंपाकघरात दोन्ही डोळ्यांनी मीठ आणि साखर ह्यांतला पांढरा तपासत होत्या. दाराची बेल वाजली, आणि वाजतच राहिली. मोजणीदारांनी दार उघडलं. हेडबाई धापा टाकत उभ्या होत्या, तीन जिने चढून, काळा चष्मा कपाळावर सारलेला, डोळे गरागरा.

"कुणी हात लावला माझ्या टीव्हीला?" त्या गरजल्या. "चांगला होता! कुणी मेल्याने निळाशार करून ठेवलाय!"

छटाबाईंनी हात पुसले. ओठ घट्ट दाबून धरले होते, पण काही उपयोग होत नव्हता.

"चला," त्या म्हणाल्या, "बघू कोण तो मेला," आणि हेडबाईंचा हात धरून जिना उतरायला लागल्या.